भटकभवानी: मूळ सापडलं, अर्थ नाही

“कोठी गेल्ती वं भटकभवाने? शाया तं कवाचीच सुटली!”

नांदगाव खंडेश्वरला आमच्या घराच्या ओट्यावरून हे वाक्य मी लहानपणी कितीतरी वेळा ऐकलंय. बोलणारी आजी. ऐकणारी मी, गुडघे खरचटलेले, वेणीची रिबीन हातात, खंडेश्वराच्या देवळाकडून धावत आलेली. ‘भटकभवानी’ म्हणजे नक्की काय, हे तेव्हा कुणाला विचारावं लागलं नाही. घरात न टिकणारी, गल्ली डोक्यावर घेणारी, पोरांमध्ये पोर होऊन हुंदडणारी मुलगी म्हणजे भटकभवानी, हे कुणी न सांगताच कळतं. आता हा शब्द कमी ऐकू येतो. माझ्या भाचीला तो माहीत आहे, पण जुन्या सिनेमातल्या सासूच्या तोंडचा म्हणून.

आज या एका शब्दाबद्दल लिहायचं आहे. मी भाषेची विद्यार्थिनी नाही, विज्ञानाची आहे. पण संशोधनाच्या सुरुवातीला आपण ज्या चुका करतो, त्यातल्या चार मी या एकाच शब्दावर केल्या, आणि त्याही भर कार्यक्रमात, टाळ्या घेऊन. तुम्ही पेट पास होऊन सिनॉप्सिस लिहायला बसला असाल, तर माझी ही फजिती तुमच्या कामाची आहे. दुसऱ्याच्या पेपरवर टीका करायला आपण लवकर शिकतो. स्वतःच्या आवडत्या मुद्द्यावर करायला वेळ लागतो.

टाळ्या मिळालेला मुद्दा

८ मार्चचा कार्यक्रम होता आणि मला पाच मिनिटं बोलायचं होतं. मी जे बोलले ते थोडक्यात असं:

मराठीत दांडग्या, न ऐकणाऱ्या मुलीसाठी कोणते शब्द आहेत बघा. भटकभवानी. नुसतं ‘भवाने’ असंही. जगदंबा. महामाया. चंडी. सटवी. ही सगळी देवीची नावं! देव्हाऱ्यात आपण जिला हात जोडतो, तीच घरात दहा वर्षांची होऊन धावायला लागली की तिच्याच नावाने तिला झापतो. आणि इंग्रजीत अशा मुलीला पूर्वी ‘हॉयडन’ म्हणत. तो शब्द ‘धर्माबाहेरचा, रानटी’ अशा अर्थाच्या डच शब्दावरून आला. म्हणजे त्यांनी दंगेखोर मुलीला धर्माबाहेर काढलं आणि आपण तिला देवळातूनच शिवी दिली.

टाळ्या पडल्या. मलाही आपण काहीतरी शोधून काढल्यासारखं वाटलं.

नंतर चहाच्या रांगेत आमच्या लॅबमधल्या काकांनी अगदी सहज विचारलं, “मॅडम, अन् पोट्ट्यायले काय म्हन्ते मंग?”

उत्तर माझ्या तोंडावर लगेच आलं: टोळभैरव. आणि त्याच क्षणी माझ्या लक्षात आलं की माझा मुद्दा लंगडा आहे. भैरव हाही देवच की!

आता तो मुद्दा आपण नीट तपासू. आधी त्यात बरोबर काय होतं ते बघू.

शब्दाचं मूळ

‘भटकभवानी’ची फोड सोपी आहे: भटकणे आणि भवानी. पहिला भाग हिंदीतल्या ‘भटकना’चा आणि गुजरातीतल्या ‘भटकवुं’चा सख्खा नातेवाईक. दुसरा भाग संस्कृत. ‘भव’ हे शंकराचं एक नाव आणि भवाची पत्नी ती भवानी. पाणिनीच्या अष्टाध्यायीत चौथ्या अध्यायात एक सूत्र आहे (४.१.४९), त्यात इंद्रापासून इंद्राणी, रुद्रापासून रुद्राणी, भवापासून भवानी असे शब्द कसे बनतात ते सांगितलंय. त्याच सूत्रात मामाच्या बायकोसाठीचा ‘मातुलानी’ हा शब्दही येतो. म्हणजे व्याकरणाच्या दृष्टीने ‘भवानी’ हा ‘अमक्याची बायको’ या साच्यातला शब्द आहे.

महाराष्ट्रात मात्र भवानी म्हटलं की शंकर कुणाला आधी आठवत नाही. तुळजापूर आठवतं, गोंधळ आठवतो, शिवाजी महाराजांची तलवार आठवते. नवऱ्याच्या नावावरून बनलेला शब्द इथे एका स्वतंत्र, शस्त्र घेतलेल्या देवीचा झाला आणि मग ओट्यावरच्या आजीच्या तोंडी आला.

‘सटवी’चं मूळही असंच स्पष्ट आहे. षष्ठी, म्हणजे बाळाच्या जन्मानंतर सहाव्या रात्री येऊन कपाळावर नशीब लिहिणारी देवी. षष्ठीची सटी झाली, सटीची सटवाई आणि सटवी. आज कुणाला ‘सटवी’ म्हणून बघा, नशीब लिहिणारी देवी तिला नक्कीच आठवणार नाही.

इथपर्यंत सगळं ठीक. मूळ सापडलं होतं. पुढे गडबड झाली.

चूक पहिली: मूळ म्हणजेच अर्थ

शब्द जिथून आला तिथेच त्याचा खरा अर्थ असतो, असं मी धरून चालले. हे किती फसवं आहे ते ‘राग’ या शब्दावरून कळेल. संस्कृतात राग म्हणजे रंग, ओढ, प्रेम. ‘अनुराग’मध्ये तो अर्थ अजून शिल्लक आहे. पण “बाबांना माझा राग आला” या मराठी वाक्यात प्रेम शोधायला गेलात तर बाबा आणखी रागावतील. ‘साहस’ही तसाच. संस्कृत धर्मशास्त्रात साहस म्हणजे जबरदस्तीचा गुन्हा. मराठीत त्यासाठी शाबासकी मिळते.

आपल्या विषयाला अगदी लागून असलेलं उदाहरण म्हणजे ‘गोंधळ’. भवानीचाच गोंधळ. संबळ, दिवटी, रात्रभर जागरण, असा तो कुळाचार. तोच शब्द आज परीक्षा विभागात हॉलतिकिटं चुकली की आपण वापरतो. त्यात देवीचा अपमान करायचा कुणाचाही हेतू नसतो. मोठा आवाज, गर्दी आणि धावपळ एवढंच त्या विधीतून उचललं गेलं आणि बाकीचं गळून गेलं. भवानीचंही कदाचित असंच झालं असेल: तेज, आवाज, कुणाला न जुमानणं एवढंच उचललं आणि ते पोरीला चिकटवलं. मग त्याला ‘देवळातून दिलेली शिवी’ म्हणणं म्हणजे ‘गोंधळ’ म्हणणाऱ्या कारकुनावर धर्मबुडवेपणाचा आरोप करण्यासारखं झालं.

आणि पहिला भाग? ‘भटकणे’वरून किती शब्द बनले बघा. सुटीच्या दिवशी किल्ल्यावर जाणं म्हणजे ‘भटकंती’, ते कौतुकाचं. सरकारी कागदावर ‘भटक्या जमाती’ हा प्रवर्ग आहे. ट्रेकचा ग्रुप स्वतःला हौसेने ‘भटके’ म्हणवतो. आणि मुलगी संध्याकाळी उशिरा आली की ‘भटकभवानी’. धातू एकच आहे. कौतुक, नोंद आणि झापणं हे तिन्ही त्याच्यातून निघतं. म्हणजे फरक धातूत नाही, तो दुसरीकडे कुठेतरी आहे.

आणखी एक फसवी जागा. दुकानदार सकाळी म्हणतो, “अजून भवानी झाली नाही,” म्हणजे दिवसातली पहिली विक्री झाली नाही. यावरून ‘भवानी म्हणजे शुभारंभ, म्हणून भटकभवानी म्हणजे शुभ पावलांची मुलगी’ असा गोड अर्थ काढता येईल. पण आपल्याकडे वऱ्हाडात याच विक्रीला ‘बोहनी’ म्हणतात, हिंदीतही ‘बोहनी’, गुजरातीत ‘बोणी’. आजूबाजूच्या भाषांमध्ये देवीचा पत्ता नाही. त्यामुळे ‘बोहनी’ हा व्यापारातला शब्द सारख्या आवाजामुळे भवानीकडे ओढला गेला, हेच जास्त पटतं. दोन शब्द सारखे ऐकू येतात म्हणून ते नात्यातले असतातच असं नाही. जीवशास्त्रवाल्यांना हे नवीन नाही. वटवाघळाला पंख आहेत म्हणून तो पक्षी होत नाही.

चूक दुसरी: कंट्रोलच नाही

लॅबमधल्या काकांचा प्रश्न हा खरं तर प्रयोगाच्या आखणीचा प्रश्न होता. मुलींसाठीचे शब्द मी गोळा केले, मुलांसाठीचे केलेच नाहीत. खत घातलेल्या वाफ्यातली झाडं मोजायची आणि बिनखताच्या वाफ्याकडे बघायचंच नाही, असं झालं.

मुलांची यादी केली तेव्हा काय मिळालं? टोळभैरव. कळ लावणारा तो ‘कळीचा नारद’. झोपाळू असेल तर ‘कुंभकर्ण’. मान डोलावणारा ‘नंदीबैल’. आयतं खाणारा ‘आयतोबा’ आणि सगळ्यांच्या आधी जेवायला बसणाऱ्याचा ‘पोटोबा’. शेवटच्या दोन शब्दांमधलं ‘-ओबा’ हे विठोबा, खंडोबा, म्हसोबामधलंच. म्हणजे देवदेवता, पुराणातली पात्रं आणि देवांच्या नावाची शेपटं चेष्टेसाठी वापरणं ही मराठीची एकूणच सवय आहे. ती फक्त मुलींसाठी राखून ठेवलेली नाही. माझ्या भाषणातलं ‘देवीला शिवी’ हे निरीक्षण खोटं नव्हतं. पण ‘मुलगी आहे म्हणून देवीची शिवी’ हा निष्कर्ष त्यातून निघत नव्हता.

या ठिकाणी मला आपल्याच वऱ्हाडातल्या एका बाईची आठवण येते. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली एक छोटं पुस्तक छापलं, ‘स्त्री-पुरुष तुलना’. सुरतेच्या एका विधवेवरच्या खटल्याच्या निमित्ताने तेव्हाच्या वर्तमानपत्रांत स्त्रियांच्या वागण्यावर बरंच लिहून येत होतं, त्यावरचा संताप त्यात आहे. पुस्तक पुढे जवळपास विसरलं गेलं, आणि १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केलं. आपण ते स्त्रीवादी लेखन म्हणून वाचतो आणि ते बरोबरच आहे. पण संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी त्याच्या नावातला दुसरा शब्दही बघावा. जे दोष बायकांच्या माथी मारले जातात ते एकेक घेऊन ताराबाई विचारतात की हे पुरुषांत नाहीत का? असतील तर दोष एकीचाच कसा? ही शुद्ध तुलनेची पद्धत आहे. दोन्ही वाफे समोर ठेवायचे आणि मग बोलायचं. मी एकच वाफा दाखवून टाळ्या घेतल्या.

चूक तिसरी: दुसरं कारण शोधलंच नाही

समजा ‘भवानी’ हे नाव इथे का आलं हाच प्रश्न आहे. धर्म हे एक उत्तर झालं. मुलगी असणं हे दुसरं. पण त्याहून साधं एक उत्तर समोर होतं: आवाज. भटक-भवानी. भ आणि भ. मराठीत बोलताना जोडशब्दाचा ठेका फार महत्त्वाचा असतो. ‘भटकलक्ष्मी’ म्हणून बघा, जीभ अडखळते आणि रागाची धारही जाते. ‘भटकभवानी’ मात्र ओट्यावरून गल्लीच्या टोकापर्यंत खणखणीत जातं.

आवाज हेच खरं कारण, असं मी म्हणत नाही. पण ते शक्य कारण आहे आणि मी ते बाजूला सारलं नव्हतं, कारण मला ते सुचलंच नव्हतं. आपल्या आवडत्या कारणाखेरीज निदान दोन कारणं लिहून काढायची आणि प्रत्येकासमोर ‘हे खोटं असेल तर काय दिसेल?’ असा प्रश्न टाकायचा, ही सवय लावून घ्या. आवाज हे कारण असेल, तर देवीच्या नावाचे असे जोडशब्द बहुतेक वेळा यमक किंवा अनुप्रास साधणारे निघायला हवेत. धर्म हे कारण असेल, तर आवाज जुळत नसतानाही देवीचं नाव यायला हवं. ‘टोळभैरव’मध्ये ट आणि भ, काहीच जुळत नाही! म्हणजे एकट्या आवाजाने सगळं सुटत नाही. एक उदाहरण एका कारणाच्या बाजूने आणि दुसरं दुसऱ्याच्या. अशा वेळी प्रामाणिक वाक्य असतं: ‘इतक्या सामग्रीवर हे वेगळं करता येत नाही.’ या वाक्याला टाळ्या मिळत नाहीत, एवढाच त्याचा तोटा.

चूक चौथी: परदेशातली सोयीची जोडी

आता ‘हॉयडन’. मी जी गोष्ट सांगितली तिचा अर्धा भाग मी गाळला होता. हा शब्द डच ‘हायडन’वरून आला असावा हे मत आहेच. पण इंग्रजीत तो सोळाव्या शतकाच्या शेवटी आला तेव्हा तो गावंढळ, उद्धट पुरुषासाठी होता. दांडग्या मुलीसाठी तो सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात वापरला जाऊ लागला. ‘टॉमबॉय’ची कथाही तशीच. आधी दंगेखोर मुलगा, मग धीट बाई, आणि मग मुलासारखी वागणारी मुलगी.

म्हणजे ‘मुलीला धर्माबाहेर काढलं’ हे वाक्य कोसळतं. तो शब्द बनला तेव्हा मुलगी त्यात नव्हतीच. खरा रंजक प्रश्न वेगळाच आहे आणि तो मी माझ्याच टाळ्यांच्या आवाजात हरवला: पुरुषासाठी बनलेला शब्द पन्नास-पाऊणशे वर्षांत मुलीकडे का सरकला, आणि पुरुषाच्या अंगावरून का उतरला? १६९६ च्या ‘द रिलॅप्स’ या जॉन व्हॅनब्रूच्या नाटकात मिस हॉयडन नावाचं एक पात्र आहे, खेड्यातल्या जमीनदाराची मुलगी. बाप तिला घरात कुलपात ठेवतो. तोवर शब्दाला बाई मिळाली होती आणि बाईला कुलूपही.

ही जोडी मी ‘आपले आणि त्यांचे’ अशी वापरली. दोन भाषांची तुलना करायची तर दोन्हीकडे सारखाच प्रश्न विचारायला हवा. मी मराठीला विचारलं ‘शब्द कुठून आला’ आणि इंग्रजीलाही तेच, पण दोन्हीकडे ‘कुणासाठी वापरला जायचा आणि कधीपासून’ हे विचारलंच नाही.

कोशात कुणाचं बोलणं आहे

तुमच्यापैकी कुणी म्हणेल, मग कोश उघडायचा ना. उघडायचाच. मराठीत त्यासाठी चांगली साधनं आहेत. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश पहिल्यांदा १८३१ मध्ये आला आणि वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये. दाते आणि कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ ते १९३८ या काळात सात विभागांत निघाला. कृ. पां. कुलकर्णींचा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ १९४६ चा. जुन्या मराठीसाठी तुळपुळे आणि फेल्डहाउस यांचा १९९९ चा कोश आहे. मोल्सवर्थमध्ये तर आज मोबाईलवर शोधता येतं.

पण कोश हेही एक सॅम्पलच आहे आणि सॅम्पल कुठून घेतलं हे विचारावं लागतं. मोल्सवर्थची पहिली आवृत्ती निघाली तेव्हा वऱ्हाड निजामाच्या राज्यात होता. इंग्रजांकडे तो आला १८५३ मध्ये. कोशाचं काम मुंबई इलाख्यात, ब्राह्मण पंडितांच्या मदतीने झालं. विद्वत्तेबद्दल शंकाच नाही. प्रश्न एवढाच की बायका एकमेकींना आणि आपल्या पोरींना काय म्हणतात, कोणत्या सुरात म्हणतात, हे किती पोचलं असेल त्या टेबलापर्यंत? आणि वऱ्हाडातल्या ओट्यावरचं?

शिवाय कोशाची रचनाच अशी असते की शब्द, लिंग, अर्थ, व्युत्पत्ती आणि फार तर एखादं उदाहरण. कोण कुणाला म्हणतं, कोणत्या वयात, कुणासमोर, हसून की दात खाऊन, यासाठी रकानाच नसतो. कोशावर हा आरोप नाही, ते त्याचं काम नव्हे. चूक आपली, की रकाना नाही म्हणून ती माहितीच नाही असं आपण धरतो. मोजलं गेलं नाही म्हणजे अस्तित्वात नाही, असं आपण प्रयोगशाळेत कधी म्हणतो का?

मग मी घरी विचारलं

दिवाळीला घरी गेले तेव्हा ठरवून विचारलं. आणि पहिल्या दोन मिनिटांत पाचवी चूक केली. आजीला म्हटलं, “आजी, भटकभवानी हा वाईट शब्द आहे ना गं?”

“नाही बा. लाडाचा हाये तो.”

संपलं. ‘ना’ लावून प्रश्न विचारला की समोरचा होकार देतो किंवा स्वतःचा बचाव करतो. माहिती देत नाही. दुसऱ्या दिवशी प्रश्न बदलला: “तू हा शब्द शेवटचा कुणाला म्हटलास? तेव्हा काय झालं होतं?” आता आजी बोलायला लागली. मला म्हणायची, माझ्या चुलत बहिणीला म्हणायची. कधीपर्यंत? तिने थोडा विचार केला. “तू सातवीत गेली तं सोडून देल्लं म्या.”

का सोडलं?

“मोठ्या पोरीले अस्सं म्हन्लं का लोकं खरंच समजते.”

आईला विचारलं तर तिचं उलटं निघालं. तिला लहानपणी कुणी हा शब्द म्हटला नव्हता. पहिल्यांदा ऐकला तो दहावीत, नातेवाइकाच्या तोंडून, मैत्रिणीकडे अभ्यासाला गेली म्हणून. आत्या म्हणाली, लग्नानंतर माहेरी जास्त दिवस राहिली तेव्हा ऐकला, थट्टेत, पण सासूच्या.

तीन बायका, एकच घर. यावरून काहीही सिद्ध होत नाही. पण माझ्या पाच मिनिटांच्या भाषणापेक्षा यात जास्त आहे, कारण इथे एक तपासता येईल असा अंदाज दिसतो: हा शब्द कुणाला लागतो हे मुलीच्या वयावर ठरतं. सात-आठ वर्षांच्या पोरीला तो म्हणजे पाठीत हलकी थाप. तेरा-चौदाच्या पुढे तोच शब्द कुंपण. आजीला हे माहीत होतं. तिने एका विशिष्ट वर्षी तो शब्द वापरणं बंद केलं, म्हणजे तिच्याकडे नियम होता. तो कोणत्याही कोशात नाही.

आणि टोळभैरव? त्याचा वयाचा आलेख कसा असेल? माझा अंदाज असा की तो शब्द मुलाला मिशी फुटल्यावरच लागतो आणि बहुतेक वेळा अनेकवचनी असतो: ‘चार टोळभैरव पानठेल्यावर बसलेत.’ भटकभवानी एकटी असते आणि तिच्या तोंडावर म्हटलं जातं. टोळभैरवांना नावं ठेवली जातात ती रिकामं बसण्याबद्दल. भटकभवानीला ठेवली जातात ती चालण्याबद्दल. दोन्ही शब्दांत देव आहे, पण दोषाची जागा वेगळी आहे. मी देवाकडे बघत बसले आणि ‘भटक’कडे दुर्लक्ष केलं.

हे एवढं कशासाठी

नववीत माझ्या वर्गात एक मुलगी होती. खो-खोमध्ये तिच्यासारखी धावणारी आमच्या शाळेत दुसरी नव्हती. खांब मारून वळायची तेव्हा समोरची पोरगी नुसती बघत राहायची. सामन्यांसाठी अमरावतीला जावं लागे आणि परतीची एसटी नांदगावला पोचेपर्यंत अंधार पडायचा. एकदा अशीच ती उशिरा आली आणि स्टँडवर ओळखीच्या कुणीतरी तिच्या वडिलांसमोर तो शब्द वापरला. हसूनच वापरला म्हणे. पुढच्या वर्षी तिचं नाव संघात नव्हतं. तिला कुणी मारलं नाही, रागावलंही नाही. फक्त नाव दिलं नाही.

मी ८ मार्चला बोलले तेव्हा माझ्या डोक्यात तीच होती. पण मी बोलले भवानीबद्दल, देव्हाऱ्याबद्दल, डच भाषेबद्दल. तिच्याबद्दल एक वाक्य नाही. मूळ शोधण्यात एक सुख असतं, जुने ग्रंथ, सूत्रांचे आकडे, शतकं. त्या सुखात ज्याच्यासाठी प्रश्न पडला होता तेच सुटून जातं. आणि माझा मुद्दा चुकीचा असल्यामुळे कुणी हुशार माणूस ‘टोळभैरव’ म्हणून तो एका शब्दात उडवू शकत होता. तो उडाला असता, की त्यासोबत तिचं नाव गाळलं गेल्याची गोष्टही ‘हे सगळं ओढूनताणून आहे’ म्हणून उडाली असती. कच्चा युक्तिवाद खऱ्या तक्रारीचं असं नुकसान करतो. ताराबाईंनी तुलना मांडली ती म्हणूनच अजून टिकून आहे.

तुमच्यापैकी कुणाला हा विषय घ्यावासा वाटला तर घ्या, भाषेचे असाल किंवा समाजशास्त्राचे. प्रश्न ‘हा शब्द कुठून आला’ असा ठेवू नका. ‘वऱ्हाडातल्या एका तालुक्यात हा शब्द कोण, कुणाला, कोणत्या वयात, कुठे म्हणतं, आणि त्यानंतर त्या मुलीच्या जाण्यायेण्यात काही बदलतं का’ असा ठेवा. मुलांसाठीचे शब्द त्याच प्रश्नावलीत, त्याच रकान्यांसह घ्या. ‘वाईट आहे का’ विचारू नका, ‘शेवटचं कधी ऐकलं’ ते विचारा. म्हणणाऱ्यांनाही विचारा आणि ऐकणाऱ्यांनाही, वेगवेगळं बसवून. वऱ्हाडी उत्तर आलं तर वऱ्हाडीतच उतरवा, प्रमाण मराठीत ‘सुधारू’ नका, कारण ‘भवाने’ आणि ‘भवानी’ यांत जो सूर बदलतो तोच तुमचा डेटा आहे. जुन्या उपयोगांसाठी कोशांबरोबर गद्यही चाळा. रिद्धपूर आपल्याच जिल्ह्यात आहे. तिथे तेराव्या शतकात आकाराला आलेल्या लीळाचरित्रात साध्या माणसांचं रोजचं बोलणं सापडतं, आणि आता तर तिथेच मराठी भाषा विद्यापीठही आहे. आणि गाईडने ‘यात नवीन काय’ विचारलं तर सांगा, कोशात नसलेला रकाना.

मागच्या महिन्यात विहिरींच्या पाण्याचे नमुने घेत होते. बाटल्यांची पिशवी खांद्यावर, एकटीच. धुऱ्यावर एक आजी बसल्या होत्या. कोण, कुठली, एकलीच कशी फिरते, सगळं विचारून झालं. मी सांगितलं, नांदगावची आहे, गावोगावच्या विहिरींचं पाणी गोळा करते. त्या बोळकं तोंड पसरून हसल्या. “मंग भवानीच हाये वं तू.”

मी वहीत तारीख, वेळ, ठिकाण लिहिलं. त्यांचं अंदाजे वय, माझं वय, तिथे आणखी कोण होतं तेही लिहिलं. ‘अर्थ’ हा रकाना सध्या रिकामा ठेवलाय.